पट्टी बघून येईल तो

वराळे
१८ जुलै २०२२

नजमाभाभी,

जयभीम आणि सलाम.

पत्र बघून दचकू नका. फोन का केला नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वेळी आपण दोघी जरा बोलायला बसलो, तर दोघींच्या नवऱ्यांनी आपल्या हातातून फोन हिसकावून घेतले आणि एकमेकांना जे काही ऐकवलं ते अजून माझ्या कानातून जात नाही. पत्र तरी कुणी मधेच हिसकावत नाही. फाडलं तरी आधी वाचून फाडतात. शिवाय आपल्या केबलवरच्या शेजार वाहिनीच्या 'टपालपेटी'साठी आपण दोघींनी वर्षानुवर्षं गावोगावची पत्रं फोडली आहेत, तेव्हा आपल्याला काही हे नवीन नाही.

हे पत्र मी सासूबाईंच्या हुकमावरून लिहितेय. भामाबाईंचा हुकूम म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. वाहिनीची वाटणी झाली, कामशेतच्या वरचं लोणावळ्यापर्यंतचं तुमच्याकडे, म्हणजे मेहबूबभाऊंकडे गेलं आणि खालचं वराळे, सुदुंबरे, आंदर मावळ आमच्याकडे राहिलं, हे त्यांना चार वेळा समजावून सांगितलं. चारही वेळा त्यांनी एकच विचारलं, "मंग सात वाजता मेहबूब का लागत न्हाई?"

सात वाजता मेहबूबभाऊ लागत नाहीत, कारण यांनी दुसरा कुणी वाचायला ठेवलाच नाही. निधन वार्ता नुसती पट्टीतून जाते, खालून सरकत. आवाज नाही. मी म्हटलं, मी वाचते, तर माझ्याकडे असं बघितलं की मी गपगुमान स्वयंपाकाला लागले.

तर आईंचं म्हणणं असं, शब्द त्यांचेच: "माजं नाव मेहबूबनंच वाचाया पायजे. साऱ्या मावळाची नावं त्यानं वाचली, आन् माजंच मुकं जायाचं व्हय? तसलं असंल तर मी जायाचीच न्हाई." मी म्हटलं, नका जाऊ, कुणी घाई केलीय. तर मला म्हणतात, "तू लय शानी हायेस, पत्र लिही."

लिहिलं. भाऊंच्या कानावर घाला. रागात असतील तर राग उतरल्यावर घाला, पण घाला.

तुमची
अनघा


भांगरवाडी, लोणावळा
२ ऑगस्ट २०२२

प्रिय अनघा,

सलाम. तुझं पत्र हातात पडलं आणि मी आधी दार लावून घेतलं. मग माझंच मला हसू आलं. चोरून पत्र वाचायचं वय राहिलंय का आपलं!

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं, आईंचं बोलणं आईंच्याच ढंगात. आधी खूप हसले. "जायाचीच न्हाई" पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मग उठून गॅलरीत गेले आणि किती तरी वेळ आत आले नाहीत. आत आल्यावर म्हणाले, "आईला कळव, माझा आवाज मी जपून ठेवलाय. तिचं नाव मीच वाचणार, वरही आणि खालीही. प्रदीपला काय करायचं ते करू दे. फक्त तिनं घाई करू नये."

अनघा, त्या रिसॉर्टच्या बातमीवरून मी काही बोलणार नाही. सांडपाणी ओढ्यात सोडत होते हे खरं होतं आणि प्रदीपभाऊजींनी दाखवलं ते बरोबर होतं. पण त्यांच्याच जाहिरातींवर अख्ख्या ऑफिसच्या चुली पेटत होत्या, म्हणून यांनी बातमी मधेच थांबवली. तेही आपल्या घरासाठी नव्हतं गं. त्यावर भाऊजी म्हणाले, "मग उद्या मयतीलाही दर लाव." तेवढं एक वाक्य यांच्या काळजात रुतून बसलंय. जिनं ती निधन वार्ता सुरू करायला लावली तिच्याच घरात बसून हे ऐकलं ना यांनी.

आईंच्या भावाची गोष्ट मला यांनी लग्न झाल्या झाल्या सांगितली होती. आंदर मावळात महिपतीमामा वारले, पाऊस, गाडी नाही, सांगावा घेऊन निघालेला माणूस वराळ्याला पोचला तेव्हा राखही सावडून झाली होती. आई दारात बसून म्हणत राहिल्या, "भावाची माती न्हाई मिळाली मला." तेव्हा हे दोघं पोरं तुमच्या पत्र्यावर डिश बसवून नुसते सिनेमे दाखवत होते. त्या दिवसापासून सातची निधन वार्ता सुरू झाली. पैसे घ्यायचे नाहीत, आणि माती होईपर्यंत पट्टी काढायची नाही. बाकीची शेजार वाहिनी, शर्यती, जत्रा, वाढदिवस, हे सगळं नंतर आलं.

वाटणीत सगळं तुटलं, पण वरची नावं खाली आणि खालची नावं वर द्यायची हे दोघांनीही तोडलं नाही. तेवढ्यावरच माझी आशा आहे.

नजमा


वराळे
९ जानेवारी २०२३

नजमाभाभी,

तुमचं पत्र आईंना दहा जणींसमोर वाचून दाखवावं लागलं. "जपून ठेवलाय" म्हटल्यावर अशा काही ऐटीत बसल्या, जणू भाऊंनी सोन्याचा डाग करून ठेवलाय त्यांच्यासाठी. आता आल्यागेल्याला हेच सांगणं चालू आहे. परवा भिकाजी आले होते आंदर मावळातून, त्यांच्या माहेरचे, त्यांनाही सांगितलं. भिकाजी म्हणाले, "मंग माजं पन त्याच्याकडंच लावून ठिवा." दोघं म्हातारे इतके हसले की मला भीतीच वाटली, दोघांचा एकदम नंबर लागतो की काय.

यांना मी पत्रांचं सांगितलेलं नाही, पण यांना कळलंय. काल पोस्टमन येऊन गेला तेव्हा माझ्याकडे न बघता विचारलं, "वर पाऊस कसा झाला यंदा?" जानेवारीत! मी म्हटलं, बरा झाला म्हणे. "हं," म्हणाले आणि गेले.

तुम्ही एकदा या ना दोघं. आईंनी विचारलंय. त्या आता पूर्वीसारख्या पडवीपर्यंत येत नाहीत, आतच असतात. थंडी फार आहे ना.

अनघा


भांगरवाडी
३० नोव्हेंबर २०२३

प्रिय अनघा,

उत्तराला किती महिने लावले, मला माफ कर. कामं खूप आहेत. इकडे सगळं छान चाललंय. हे रोज सातला बातम्या वाचतात, निधन वार्ता वाचतात, सगळं पूर्वीसारखंच. उलट हल्ली दिवसभर घरोघरी जातात, लोकांना भेटतात, त्यांच्या अडचणी ऐकतात. मोठ्या कंपनीबरोबर काम म्हटल्यावर जावं लागतं. लोक चहापाणी करतात. गणवेशही मिळालाय.

यायचं म्हणतात, पण सुट्टी मिळत नाही. आईंना सांग, आवाज अजून तसाच आहे. रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात.

आई बऱ्या आहेत ना? थंडीचं जपा.

नजमा


वराळे
१४ डिसेंबर २०२३

नजमाभाभीस,

पत्र मिळालं. मोठ्या कंपनीबरोबर काम, गणवेश, लोकांचं चहापाणी, वाचून बरं वाटलं. इथे आमच्या पट्टीला आता जाहिरात मिळत नाही. सगळे मोबाइलवर बघतात. आंदर मावळात मोबाइलला रेंज नसते म्हणून तेवढे टीव्ही आमच्या तारेवर उरलेत. बाकी हे आणि यांचं मशीन.

सुट्टी मिळत नाही म्हणता. ज्या पडवीत मशीन मांडलं, ज्या पडवीत आईंच्या हातची भाकरी खाऊन तारा ओढल्या, तिथे यायला सुट्टी लागते हे मला नव्हतं माहीत. असो. मोठ्या माणसांचं मोठं असतं.

आई बऱ्या आहेत.

अनघा


वराळे
११ फेब्रुवारी २०२४

नजमाभाभी,

आई गेल्या. मागच्या रविवारी पहाटे. तुम्हाला हे पत्रातून कळवायची गरज नाही, पट्टी तुमच्याकडे गेली होती. मी लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. माझ्या पोटात मावत नाही म्हणून.

दिवाळीपासून त्या अंथरुणावर होत्या. मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण त्यांनीच मला बजावलं होतं, "आजारी हाये म्हणून त्यो याया नगं. त्याचा तो यायला पायजे." मी "बऱ्या आहेत" लिहिलं. शनिवारी सात वाजता म्हणाल्या, टीव्ही लावा. लावला. आमच्याकडची मुकी पट्टी सरकत होती. म्हणाल्या, "आवाज का येत न्हाई?" हे म्हणाले, "टीव्हीचा आवाज गेलाय आई, उद्या माणूस बोलावतो." "उद्या नक्की," म्हणाल्या. त्यावर पुन्हा काही बोलल्या नाहीत.

सकाळी यांनी पट्टी स्वतः टाइप केली. मला हात लावू दिला नाही. नीट वाचा:

'कालकथित भामाबाई ओव्हाळ यांचे वराळे येथे दुःखद निधन. अंत्यविधी आज दुपारी. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, प्रदीप व मेहबूब, आणि दोन सुना असा परिवार आहे.'

दोन मुलगे, नजमाभाभी. एवढं भांडण होऊन हे लिहिताना यांचा हात अडला नाही. पट्टी वर पाठवली आणि खाली सोडली. मी म्हटलं, एक फोन करते भाभींना. तर म्हणाले, "कशाला? आपल्या घरातलं माणूस गेलं तर फोन करून कुणाला बोलवायचं असतं? पाहुण्यांना. तो पाहुणा आहे का? पट्टी बघून येईल तो. त्याला वाचावी लागेल ना सातच्या आधी, त्याच्या डोळ्यांखालूनच जाणार आहे."

मी फोन ठेवून दिला. मलाही ते पटलं. माझं डोकंच फिरलं होतं तेव्हा.

आंदर मावळातून टेम्पो भरभरून माणसं आली. पट्टी बघून आली. सुदुंबऱ्याची आली. भिकाजी आले आणि आल्या आल्या विचारलं, "मेहबूब कुटं हाय?" हे म्हणाले, "रस्त्यात असंल." दुपार टळली. लोक चुळबुळ करायला लागले. यांनी कुणाला उचलू दिलं नाही. मग अंधार पडायला लागला तेव्हा वस्तीतले वडीलधारे पुढे झाले, म्हणाले, प्रदीप, आता न्ह्यायला पाहिजे. उचललं. पुढच्या एका बाजूला हे, आणि दुसरी बाजू यांनी मोकळी ठेवायला लावली. तीनच माणसांनी कसं न्यायचं? वेशीपर्यंत तसंच डगमगत नेलं. वेशीवर भिकाजींनी रडत रडत खांदा घातला.

साऱ्या मावळाने वाचलं होतं दोन मुलगे म्हणून. साऱ्या मावळाने बघितलं एकच होता.

भाऊंना सांगा, सात वाजता वाचलं असेल तर आवाज चांगला लागला का तेवढं कळवा. आईंना फार हौस होती.

अनघा


भांगरवाडी
१६ फेब्रुवारी २०२४

अनघा,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

आम्हाला माहीत नव्हतं. तुझं पत्र येईपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं की आई गेल्या. खुदा कसम माहीत नव्हतं.

मी तुला खोटं लिहिलं होतं. गेल्या पावसाळ्यातच वरची वाहिनी बंद झाली. बाहेरच्या कंपनीनं सगळं जाळं घेतलं, आणि आमचं चॅनल त्यांच्या बॉक्समध्ये ठेवलंच नाही. माइक गेला, मशीन गेलं, खोलीला कुलूप. हे आता त्याच कंपनीत कामाला आहेत. घरोघरी जातात ते लोकांच्या अडचणी ऐकायला नाही, पत्र्यावर चढून बॉक्स जोडायला. गणवेश म्हणजे कंपनीचा टी-शर्ट. परवा एका घरात बाईनं विचारलं, तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय हो. हे म्हणाले, नाही ऐकला. जेवले नाहीत त्या दिवशी.

यांनीच मला सांगितलं होतं, खाली कळू देऊ नकोस, प्रदीप म्हणेल मी सांगत होतो. म्हणून लोणावळ्यात कुणी वारलं की हे अजूनही दवाखान्यात, बाजारात विचारून नाव काढतात आणि स्वतःच्या मोबाइलवरून तुमच्याकडे पाठवतात, तुम्हाला वाटावं की इकडे चालू आहे. पण तुमच्याकडची नावं यायची ती ऑफिसच्या मशीनवर. ते मशीन कंपनीनं कधीच उचलून नेलं. तुमच्या पट्टीला इथे यायला जागाच नव्हती गं.

आणि कुणी सांगितलंही नाही. कोण सांगणार? सगळ्यांना वाटलं असणार, मेहबूबला काय सांगायचं, सगळ्या मावळाला तोच सांगतो.

मी रोज गुळण्यांना पाणी कोमट करून देत होते. ते मात्र खोटं नव्हतं. आईंना शब्द दिलाय म्हणायचे. कुठे वाचणार होते देव जाणे, पण आवाज जपत होते.

तुझं पत्र मी वाचत असतानाच हे कामावरून आले. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पत्र हातातून घेतलं. उभ्यानं वाचलं. पट्टीपाशी आले आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग टी-शर्ट काढून टाकला, लग्नकार्यातला पांढरा शर्ट काढला आणि बटणं लावता लावता म्हणाले, "मला फोन का केला नाही गं कुणी?" शेवटचं बटण लावलं आणि स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मला कशाला करायचा फोन."

एसटी धरायला निघालेत, पत्रासाठी थांबवून ठेवलंय. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मी बरोबर येत नाही, ही वेळ त्या दोघांची आहे असं वाटलं. हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. तुला राग काढायचा असेल तर माझ्यावर काढ, खोटं मी लिहिलं. त्यांना आत घे.

नजमा


वराळे
२२ फेब्रुवारी २०२४

नजमाभाभी,

रागावू कुणावर? तुम्ही लिहिलंत सगळं छान आहे, मी लिहिलं आई बऱ्या आहेत. दोघींनी आपापल्या माणसाची अब्रू राखली.

भाऊ आले तेव्हा दिवस कलत होता. मी अंगणात होते. तुमचं पत्र माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "कुठे आहे?" मी पडवीकडे हात केला. हे आत मशीनपुढे बसले होते. भाऊ दारात उभे राहिले. यांनी मान वळवून बघितलं आणि परत पडद्याकडे बघायला लागले.

पडद्यावर आईंची पट्टी चालू होती. अजून. मी रोज म्हणत होते, अहो काढा आता, माती होऊन गेली, आपलाच नियम आहे. रोज एकच उत्तर, "नाही झाली अजून."

भाऊंनी पट्टी वाचली. मग आपली जुनी खुर्ची ओढली. तिच्यावर आईंची वाळवणाची परात होती, ती उचलून माझ्याकडे दिली. माइक कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला होता तो यांनीच काढून पुढे सरकवला. दोघं घड्याळात बघत बसले. सात वाजले तसं यांनी बटण दाबलं.

भाऊंनी वाचलं, नजमाभाभी. तोच आवाज. मी परात घेऊन तशीच उभी होते. आईंचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, दुःखद निधन म्हटलं. आपल्याकडे हजारो नावं वाचली त्यांनी, तसंच. "त्यांच्या पश्चात दोन मुलगे, प्रदीप व," इथपर्यंत आले आणि थांबले. तोंड उघडं होतं पण आवाज येईना. इतकी वर्षं बाकीच्यांची नावं वाचली, पण या यादीत आपलं नाव वाचायची सवय नव्हती त्यांना.

तेव्हा हे माइककडे वाकले. यांचा आवाज आजपर्यंत कधी वाहिनीवर गेलेला नाही, तुम्हाला माहीत आहे, हे माइकला घाबरतात. वाकून म्हणाले, "मेहबूब."

आणि मग त्यांनी पट्टी काढली.

मी हुंदका देऊन रडले, ते दोघं नाही रडले. भाऊंनी विचारलं, "शेवटी काय म्हणाली?" तो टीव्हीच्या आवाजाचा प्रसंग तुम्हाला पाठवलेल्या पत्रात मी रागानं लिहिला होता, तो त्यांनी वाचलेलाच होता. तरी विचारलं. हे म्हणाले, "तुझी वाट बघत होती." दुसरं काय सांगणार? भाऊ म्हणाले, "आलो असतो रे." हे म्हणाले, "माहीत आहे."

भाऊ रात्री इथेच राहिले. मी भाकरी केली. आईंसारखी होत नाही माझी, पण दोघांनी मुकाट्यानं खाल्ली.

सकाळी उठून बघते तर दोघं पत्र्यावर. मी ओरडले, काय चाललंय? हे म्हणाले, "वर यानं बंद केलं, खाली मी करतो. मी हे चालवत होतो ते म्हातारीला संध्याकाळी बघायला काहीतरी असावं म्हणून. दोघांनी मिळून बसवली होती, दोघांनी मिळून उतरवतो." पहिली डिश, गंजलेली, आता उपयोगाचीही नाही, ती खांद्यावर धरून शिडीवरून उतरवली. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला भाऊ. मी शिडी धरली. मग भाऊंनी खांबावर चढून तार कापली. कंपनीत शिकलेत म्हणे, सफाईनं कापतात.

दुपारी एसटीनं गेले. पुन्हा येईन म्हणाले नाहीत, हेही ये म्हणाले नाहीत. एसटी वळेपर्यंत हे रस्त्यात उभे होते.

आज सकाळी भिकाजींचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून केला होता, धाप लागलेली ऐकू येत होती. म्हणाले, "पोरी, त्या दिशी सात वाजता मेहबूबचा आवाज आयकला. आमी सगळी टीव्हीपुढं उटून हुबी राह्यलो. भामी आता गेली बग, सुखानं गेली." मग हसले आणि म्हणाले, "तार तुटलीया वाटतं, नीट करून घ्या, आता माजाच नंबर हाय. माजं नाव पन त्यालाच वाचाया सांग. सांगशील ना?"

मी 'व्हय' म्हटलं आणि फोन ठेवला.

अनघा